तीनदा विचारायचं असतं

बुधवार, ८ मे

डिम्पना येतेय! मंगळवारी!

फोन आला तेव्हा मी दुकानात वजडी धूत होते, हात कोपरापर्यंत ओले. शेवटी मालकानं, कॉननंच फोन माझ्या कानाला धरला. 'मंगळवारी आमची बोट कोव्ह बंदराला लागतेय. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मला शहर दाखव,' म्हणाली. शहर दाखव! जन्म इथला, शाळा इथली, पंचविसाव्या वर्षापर्यंत ही टेकडी चढली-उतरली, आणि आता म्हणे कॉर्क दाखव. पण खरंय तिचं. हॅम्बुर्गला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली. मधे आली ती दर वेळी कोणाच्या तरी मयतीला. दोन दिवस काळे कपडे, सँडविचं, हस्तांदोलनं, की परत विमान. नुसती भटकायला अशी कधीच नाही.

तिचा नवरा, युर्गन, जाऊन दोन वर्षं झाली. आई जानेवारीत गेली. म्हणजे आम्ही दोघी बहिणी, ती तिकडे एकटी आणि मी इकडे.

लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय — मला ती परत यायला हवीय. कायमची. मागच्या खोलीत.

पण विचारणार नाही. असं तोंडावर विचारतात का कुणाला? तिला वाटेल, गबनेट त्रेसष्टाव्या वर्षी गळाठली. मी फक्त शहर दाखवणार. पुढचं शहरानं बघावं.


गुरुवार, ९ मे

मागच्या खोलीला रंग दिला. पिवळा. कंबर गेली!


शनिवार, ११ मे

बाजारात आज मरणाची गर्दी. दुपारी जरा मोकळं झाल्यावर कॉननं चहा विचारला. नको म्हटलं. परत विचारला. म्हटलं राहू दे, आत्ताच झाला. तिसऱ्यांदा विचारलंच नाही, सरळ ओतला. तीस वर्षं हाच चहा आणि हेच 'नको'.

मंगळवारचा बेत त्याला वाचून दाखवला. बाजार, घंटा, घर, हलता पूल, पब, स्टेशन.

'एवढं सगळं एका दिवसात?' म्हणाला. 'बहिणीला फिरवतेयस की पळवून लावतेयस?'

'तिला इथली आठवण आली पाहिजे.'

'कशासाठी?'

'अशीच.'

'अशीच म्हणे. रंगाचे डाग अजून गेले नाहीत तुझ्या कानामागचे.' हा म्हातारा दुकानात बसून सगळ्या गावाची खबर ठेवतो.

मंगळवारी सुट्टी दिली मात्र. बिनबोभाट.


सोमवार, १३ मे

केस कापले. फारच कापले. आता काय!


मंगळवार, १४ मे

सकाळी साडेसहा — पाऊस नाही. आभाळ निळंभोर. कोणाला सांगत नाही, दृष्ट लागायची. वही आज पिशवीतच ठेवते. काही निसटायला नको. न्याहारी तशीच ताटात राहिली, रिकाम्या पोटीच निघते.

सव्वादहा, बाजारातलं वरच्या मजल्यावरचं चहाचं दुकान — डिम्पना हात धुवायला गेलीय, तेवढ्यात लिहिते. आली! नऊ वीसच्या गाडीनं! लाल कोट, कानात मोठाल्या रिंगा, आणि चालणं अगदी आईचं, एक खांदा पुढे काढून. फलाटावर रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले. ती मला धरून म्हणाली, 'गबी, तुझ्या केसांना कोण चावलं?' जर्मनीत राहून केस पांढरे झाले, पण जीभ इथलीच आहे.

बाजाराच्या दारात थांबली आणि छाती भरून वास घेतला. मासे, मसाल्यात मुरलेलं बीफ, लोणी, ओली जमीन. 'सगळं बदललं असेल असं वाटलं होतं,' म्हणाली. ऑलिव्हवाले आणि चीजवाले नवे आलेत, पण आमचं वजडी-रक्तीचं दुकान जिथल्या तिथे. कॉननं फडक्याला हात पुसत विचारलं, 'ह्या बाई कोण? बोटीवरच्या का?'

'तुझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून ओळखते मी तुला, कॉन हर्ली,' ती म्हणाली.

'मग तुम्ही फारच म्हाताऱ्या असणार, बाई,' तो म्हणाला. रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. त्यानं तिला रक्तीचा तुकडा चाखायला दिला, तिनं डोळे मिटून खाल्ला. मला इतकं बरं वाटलं! जणू ती रक्ती मीच बनवली होती. (अर्धी मीच बनवली होती.)

मग वर आलो. सफरचंदाच्या टार्टचा शेवटचा तुकडा उरला होता, तो तिनं घेतला. 'अर्धा घेतेस?' म्हणाली. मी म्हटलं, 'नको गं, तू खा.' आणि खाल्ला तिनं! सगळा! वरची साय बोटानं निपटून. मी बघत राहिले. पोटात कावळे ओरडतायत. परत विचारेल म्हणून थांबले होते, पण तिनं बशी बाजूला सारून बोटीवरच्या लोकांच्या गमती सांगायला सुरुवात केली. आली, आली.

बारा वाजून गेले, शँडनच्या चर्चची पायरी — डिम्पनाला धाप लागलीय, मलाही. घंटा वाजवल्या! आत दोरांची रांग आणि समोर आकड्यांचा तक्ता, त्या क्रमानं ओढायचं. लहानपणी रखवालदार आम्हाला हाकलायचा. आज त्याच्या जागी एक सज्जन बाई, म्हणाल्या, 'ओढा हवं तेवढं.' डिम्पनानं असं काही ओढलं की तक्ता एकीकडे आणि ती एकीकडे. चारच्या जागी सात, सातच्या जागी दोन! शहराच्या अख्ख्या उत्तर बाजूनं ऐकलं असणार. कॉनचा लगेच निरोप आला फोनवर — 'तिथे बदक कोण कापतंय?'

तिला दाखवला तर घंटेच्या दोरालाच लटकून हसत राहिली. सहासष्ट वर्षांची बाई!

मग वरपर्यंत चढलो. मनोऱ्याची चार घड्याळं अजूनही चार वेळा दाखवतात. ती म्हणाली, 'बरंय. आपल्या सोयीची वेळ बघायची आणि त्या बाजूला राहायला जायचं.' राहायला जायचं! मी कठड्याला घट्ट धरलं. पण तिचं लक्ष खाली गेलं होतं. तिनं आपलं घर शोधलं, नदीचे दोन्ही फाटे शोधले, शाळा शोधली. वाऱ्यानं तिचा कोट फुगला होता. खाली उतरताना म्हणाली, 'इथून सगळं एवढं जवळ दिसतं, हे मी विसरले होते.'

दीड, घर — ती वर आहे, मी चहा ठेवलाय. खोली दाखवली! काही ठरवून नाही असं दाखवून. 'हे आपलं मागचं, अडगळीचं.' अडगळ कुठेय, रंगाच्या आधीच सगळी कॉनच्या गोदामात गेली. ती दारात उभी राहिली.

'पिवळी का गं?'

'रंग उरला होता.'

कशातून उरला होता? घरात दुसरं काहीही पिवळं नाही! मला वाटलं ती आता हसणार. हसली नाही. खिडकी उघडून बाहेर बघत राहिली. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं — राहा ना गं. गिळलं. म्हटलं, चहा करू का? 'हो,' म्हणाली. पहिल्याच फटक्याला हो! आपल्याकडे असं कोणी म्हणत नाही, किटलीपर्यंत पोचायलासुद्धा अवसर मिळाला नाही मला.

अडीच, नदीकाठचं बाकडं — हलत्या पुलावर उड्या मारल्या. पूल हलला. आम्हीही. एक कुत्रेवाले गृहस्थ मधोमध अडकले होते, कठडा धरून म्हणाले, 'आज्यांनो, मला आधी पलीकडे जाऊ द्या, मग पाडा पूल.' डिम्पनानं त्यांना हात धरून पलीकडे नेलं आणि परत येऊन आणखी उड्या मारल्या. माझा गुडघा उद्या बोलणार. बोलू दे! तिनं माझा हात सोडलेलाच नाही पुलापासून. मी डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं.

पावणेचार, क्वर्कबाईंचा पब — ती गल्ल्यापाशी दुसरा ग्लास आणायला गेलीय. आधीचं लिहिते. आत आल्या आल्या तिनं मुद्दाम, सगळ्यांना डिवचायला, डब्लिनची म्हणजे परगावची काळी बिअर मागितली. सगळ्यांच्या माना वळल्या. क्वर्कबाई ग्लास पुसत शांतपणे म्हणाल्या, 'ते औषधाच्या दुकानात मिळतं.' मग इथली, आपली, साय धरलेली. बरोबर बीफचे जाड काप घातलेले पाव. या वेळी मी विचारायची वाट बघितली नाही, स्वतःसाठी वेगळा मागवला. शहाणी झाले!

तेव्हा तिनं हॅम्बुर्गचा पहिला हिवाळा सांगितला. मी कधीच ऐकलं नव्हतं हे. इस्पितळात नर्स म्हणून नवीनच लागली होती, एका बाईंच्या घरी खोली. पहिल्या रात्री बाईंनी विचारलं, सूप घेणार? ही म्हणाली, नको, कशाला त्रास. बाईंनी भांडं उचललं आणि आत नेलं. झालं! दुसऱ्या दिवशीही तेच. बटाटे नको, आत. सॉसेज नको, आत. 'मी वाट बघतेय दुसऱ्यांदा कधी विचारतात,' म्हणाली. 'नाताळपर्यंत माझा स्कर्ट कमरेवर राहिना. शेवटी युर्गननं सांगितलं, अगं, इथे एकदाच विचारतात. नको म्हणजे नको.'

डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. क्वर्कबाईसुद्धा टेबलाशी येऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, 'एकदाच विचारतात? मग त्या देशात लग्नं कशी होतात?'

असा दिवस माझ्या आयुष्यात झालेला नाही. साडेचारची गाडी. अजून तिनं काहीच म्हटलेलं नाही. मीही.

संध्याकाळी सहा, घर — बोट सुटली असेल.

मी काय केलं हे! लिहायलाही लाज वाटते. गाडी फलाटाला लागली होती. दार उघडं. ती एक पाय पायरीवर ठेवून वळली आणि म्हणाली, 'गबी, मी कायमची इकडे आले तर तुला चालेल का?'

दिवसभर याचीच वाट बघत होते. आठवडाभर. खरं तर एकेचाळीस वर्षं. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

'छे गं! इथे काय ठेवलंय? पाऊस आणि चढ. तुझं तिकडे सगळं छान बसलेलं, माझ्यासाठी कशाला मोडतेस?'

आणि थांबले. कारण आता तिची पाळी होती. तिनं म्हणायचं, नाही गं, मनापासून विचारतेय. मी परत नको म्हणायचं, पण जरा मऊ. मग तिसऱ्यांदा तिनं आग्रह करायचा आणि मी म्हणायचं, बरं बाई, तुझंच एवढं मन असेल तर ये. असंच असतं. आईनं बाबांना होकार असाच दिला होता, तोही चौथ्या वेळी.

डिम्पनानं माझ्याकडे बघितलं. 'बरं,' म्हणाली. माझ्या गालाचा पापा घेतला आणि गाडीत चढली. दार लागलं. काचेतून हात हलवत होती. मीही हलवला! हसत हसत हलवला, मूर्खासारखा. गाडी वळणाआड गेली तेव्हा डोक्यात उजेड पडला — नको म्हणजे नको. तासाभरापूर्वी तिनंच तर सांगितलं होतं.


बुधवार, १५ मे

गुडघा सुजलाय. कॉनला सांगायचं नव्हतं, पण कांदा चिरत नसतानाही डोळे वाहत होते म्हणून सांगावंच लागलं.

सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, 'तुला ती हवीय. तिला यायचंय. मग अडलं कुठे?'

'रीतभात असते, कॉन.'

'ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी रीतभात. आता बस तहानलेली.'

'तिला कळायला हवं होतं. ती इथलीच आहे.'

'ती चाळीस वर्षं तिथली आहे. सूप आत गेलं, गबनेट. आता स्वतः उठून स्वयंपाकघरात जा आणि माग.'

चहा विचारला. मी म्हटलं, हो. त्याचा हात किटलीवर तसाच राहिला. 'तुला बरं नाही का?' म्हणाला.


गुरुवार, १६ मे

फोन लावला, लागत नाही. बोटीवर ती इंटरनेट घेत नाही, 'लाटा बघायला आलेय' म्हणत होती. म्हणून निरोप लिहिला. सहा वेळा खोडला. शेवटी हा पाठवला —

'डिम्पना, हो. परवाचं नको खोटं होतं. रंग उरला नव्हता, खोली तुझ्यासाठीच रंगवली. मला एकटीला करमत नाही. ये. गबी.'

करमत नाही, हेही लिहिलं! पाठवलं आणि फोन पावाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. पाच मिनिटांनी काढला. एकच टिक.

भीती वाटतेय आणि हलकंही वाटतंय. असं सरळ मी आयुष्यात कोणाला काही मागितलेलं नाही.


शनिवार, १८ मे

एकच टिक. कॉन म्हणतो बोट पार वर स्कॉटलंडच्या बेटांकडे असेल, तिथे मेंढ्यांनाही नेटवर्क मिळत नाही. दुपारी क्वर्कबाई वजडी न्यायला आल्या, म्हणाल्या, 'तुझी बहीण परत कधी येणार? तिच्यासारखं गिऱ्हाईक हवं.' मी म्हटलं, बघू.


सोमवार, २० मे

एकच टिक.

समजा वाचलं तिनं. आणि म्हणाली, एकदा विचारलं, उत्तर मिळालं, विषय संपला. तिकडच्या माणसांचं तसंच असतं. मग मी काय करणार? विमानाची तिकिटं बघून ठेवली. तिच्या दारात उभी राहीन आणि तीनदा विचारीन. तिनं पहिल्यांदाच नाही म्हटलं तरी तीनदा.

मागच्या खोलीचं दार आज लावून घेतलं. जाता-येता आत बघायला होतं.


मंगळवार, २१ मे

सकाळी सात. ट्रक दारात, अख्खी गल्ली अडवून. सव्वीस खोकी, एक आरामखुर्ची. प्रत्येक खोक्यावर डिम्पनाचं ठसठशीत अक्षर — 'गबीकडे, मागची खोली.' कागदावर हॅम्बुर्गहून निघाल्याची तारीख २९ एप्रिल. म्हणजे मला विचारलं त्याच्या दोन आठवडे आधी!

फोन बघितला. अजून एकच टिक.

ट्रकवाला म्हणाला, 'बाई, सही करा. उरलेलं गुरुवारी येतंय. पियानो आहे.'

सही केली. पियानो जिन्यावरून जाणार नाही, खिडकी काढावी लागेल.